भिंगरीनं ओढलेला हिवाळा

यंदा नागपुरात थंडी रेंगाळत आली, पण आली ती स्वेटरच्या आत शिरूनच. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून गॅलरीत उभी होते, तर खालच्या रस्त्यावरून एक मुलगी सायकलवर गेली. आमच्याच इमारतीत राहते, विमानतळाजवळच्या मिहानमध्ये नोकरी करते. तिच्या सायकलीला बाजूनं एक दांडी, दांडीला स्प्रिंग, स्प्रिंगला पट्टा आणि पट्ट्यात एक करड्या रंगाचं, निळ्या डोळ्यांचं कुत्रं. ते असं धावत होतं की रस्ताच त्याच्या पायांखालून मागे पळतोय असं वाटावं. क्षणभरात दोघं वळणाआड गेली. कप माझ्या हातात तसाच, पण पोटऱ्या ताठ झालेल्या, आणि ब्रेक दाबावा तशी बोटं कपावर आवळलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला शोभण्यासारखं हे नव्हतं. पण शरीर काही आपल्याला वय विचारून आठवत नाही.

त्याला आठवला तो सत्तरच्या दशकातला, महाल या जुन्या वस्तीतला एक हिवाळा.

आम्ही कोष्ट्यांच्या गल्लीत राहत होतो. बाबा विणकर. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा केलेला, त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसायचे ते उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. दादा एका छापखान्यात कामाला जायचा. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्याकडे हिरव्या रंगाची एक जुनी लेडीज सायकल होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न होऊन शांतावहिनी घरात आली. ती नरखेडकडची. तिच्या आजोबांनी माग सोडून जमीन धरली होती, त्यामुळे ती वाढली संत्र्याच्या बागेत.

वहिनी कामाला वाघीण होती, पण बोलायची नाही. "हो", "नाही", "वाढू का", एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. आई म्हणायची, "नवी हाये, बोलंल." पावसाळा गेला, दिवाळी गेली, वहिनी नवीच राहिली. दुपारी मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसायची आणि वर बघायची. महालात वर बघितलं की गल्लीच्या रुंदीएवढंच आभाळ दिसतं. बागेत वाढलेल्या मुलीला ते किती अपुरं वाटत असेल, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

दिवाळीनंतर संत्र्यांचा बहार बाजारात यायला लागला आणि एका सकाळी वहिनीचा भाऊ सुधाकर दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर संत्र्यांची पेटी, हातात दोरी आणि दोरीला एक कुत्री. तांबूस रंग, लांबसडक पाय, खोल छाती, पोट आत गेलेलं. बरगड्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट.

"तू गेल्यापासून धड खात नाही हे," तो वहिनीला म्हणाला. "तुह्या खाटेखाली पडून राहते. आई म्हणे, नेऊन सोड तिच्यापाशी."

कुत्रीनं वहिनीला पाहिलं आणि दोरी सुधाकरच्या हातात उरली नाही. वहिनी भुईवर बसलीच. कुत्री तिच्याभोवती अशी फिरायला लागली की तोंड कुठलं नि शेपूट कुठलं समजेना. नाव विचारायची गरजच नव्हती, तरी वहिनी म्हणाली, "भिंगरी." आमच्या घरात कोणी न विचारता तिनं उच्चारलेला तो बहुधा पहिला शब्द.

बाबांनी मागावर बसल्या बसल्याच पाहिलं. "राहू द्या," म्हणाले, "पण मागाजवळ नाही पाहिजे."

भिंगरीला आमचं घर दोन उड्यांत संपायचं. बागेत ती दिवसभर शेताच्या बांधांवर, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पळायची, माकडं हाकलायची, मोटारपंप सुरू झाला की पाण्याबरोबर दांडातून धावायची. तेवढी सगळी धाव अंगात घेऊन ती महालात आली होती, आणि इथं धावायला होतं काय? अंगण, ओसरी आणि एक जिना. तिनं चपला फाडल्या, आईच्या वाळवणावरून नाचली, धुणं ओढून अंगणभर फिरवलं. मारलं तर खाली बसायची, आणि बसल्या बसल्या तिचं सगळं अंग थरथरत असायचं, उतू जायच्या आधी दूध थरथरतं तसं.

मग ती सकाळ आली. विणकरांच्या गल्लीत मागावर चढवायचा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, आधी गल्लीभर ताणून त्यांना खळ लावायचे. बांबूच्या काठ्यांवर पसरलेले ते हजारो धागे कोवळ्या उन्हात असे दिसत की माणसं दबक्या पावलांनी बाजूनं जात. त्या दिवशी बाबांचा ताणा लागला होता. मांजर आडवं गेलं. मागोमाग भिंगरी गेली, ताण्याच्या मधून.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. तुटलेले धागे दोन बोटांत धरून, वहिनीकडे न बघता ते म्हणाले, "संक्रांतीच्या आधी बहाराचा शेवटचा ट्रक घेऊन येईन म्हणे न तुमचा भाऊ. त्याच्यासंग जाईन हे वापस."

"हो, मामाजी," वहिनी म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

त्या दिवसापासून भिंगरी मागच्या अंगणात खुंट्याला बांधलेली. ती रडायची. कुत्रं रडतं म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. वहिनी रडायची नाही; पण तिचं ताट जवळजवळ भरलेलंच उचललं जायला लागलं. दादा तिला समजावायचा, बाजारातून चिवडा आणायचा, तिला आवडतो म्हणून. ती पुडी मीच संपवायची.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले. सीताबर्डीच्या चढावर मागून पंजांचा आवाज आला. वळून बघते तर भिंगरी, गळ्यात अर्धी चावलेली दोरी लोंबतेय आणि जीभ बाहेर. किती हाकललं, पण ती कुठली जाते. मी सायकल जोरात मारली की ती जोरात, मी थांबले की तीही थांबे आणि माझ्याकडे बघे. त्या नजरेत एकच प्रश्न असायचा: पुढं कधी? शेवटी त्या दिवसाचं कॉलेज बुडवलं आणि तिला घेऊन घरी परतले. परत येताना ती माझ्या पुढे होती. घरी आल्यावर घटाघटा पाणी प्यायली, अंगणात कूस टेकवली आणि झोपली. दुपारभर झोपली. मांजर तिच्या नाकासमोरून गेलं, तिनं एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला.

मी आणि वहिनी दोघीही उंबऱ्यात बसून त्या झोपेकडे बघत होतो.

"धाव पाहिजे तिले," वहिनी म्हणाली. "दुसरं काही नाही मागत ते."

संध्याकाळी मी बाबांसमोर उभी राहिले. रोज पहाटे भिंगरीला सायकलीबरोबर पळवून आणते, मग ती दिवसभर त्रास देणार नाही, असं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराआड उभ्या वहिनीच्या पदराकडे पाहिलं.

"ट्रक येईलपर्यंत करा काय करायचं ते. पण पुन्हा सुताले तोंड लागलं, तर ट्रकाचीबी वाट नाही पाहणार मी."

पहिल्या पहाटे मी दोरी हातात धरली. भिंगरीनं डावीकडे कोंबडी पाहिली आणि मी दूधवाल्याच्या कॅनवर जाऊन आदळले. दुसऱ्या पहाटे दोरी हँडलला बांधली. तिनं उजवीकडे झेप घेतली, हँडल तिच्याबरोबर गेलं, मी सायकलीबरोबर गेले. दोन्ही कोपरं सोलून घरी आले तेव्हा वहिनीनं हळद लावली आणि पहिल्यांदा सल्ला दिला.

"गळ्याले काहून बांधता, कुंदाबाई? बैल काय गळ्यानं ओढते? खांद्यानं ओढते न."

मग तिनं खाटेची जुनी नवार कापली. एक पट्टी छातीवरून, एक पोटाखालून, पाठीवर दोन्हींचा सांधा. काखेत घासू नये म्हणून आत लुगड्याचा मऊ तुकडा. भिंगरी तिच्यासमोर उभी, हलेना सुद्धा. जणू सोनाराकडे दागिन्याचं माप देतेय. दोरी हँडलला नाही, हँडलच्या खाली जो नळा असतो त्याला बांधायची, म्हणजे कुत्रं कुठेही गेलं तरी चाक वळत नाही. हेही वहिनीनंच सायकलीभोवती दोन फेऱ्या मारून ठरवलं.

"पण ती थांबेल कशी? ऐकते कुठं माझं?" मी म्हटलं.

वहिनीनं आत आईकडे एकदा पाहिलं. "मी बसू का मागं?"

अशा रीतीनं तिसऱ्या पहाटे आम्ही निघालो. मी सायकलवर, वहिनी कॅरिअरवर, पदर खोचून, डोक्याला दादाचा मफलर गुंडाळून. आणि पुढे भिंगरी. गल्ली अजून झोपलेली, नळावर एखाद-दुसरी कळशी. सक्करदऱ्यापर्यंत मी तिला चालवतच नेलं. वहिनीचा दंडक होता: आधी चालू द्या, पोट मोकळं होऊ द्या, मग धाव. पुढे उमरेड रोड मोकळा पडला. तेव्हा तिथं दोन्ही बाजूंना शेतं होती. तुरीवर धुकं बसलेलं, कुठं तरी शेकोटीचा वास.

वहिनी माझ्या खांद्यावरून वाकली आणि गाडीवान बैलांना घालतात तशी साद घातली, "हुर्रऽ."

आणि दोरी ताठ झाली.

ते काय होतं, मी अजून कोणाला नीट सांगू शकले नाही. पायांखालचं पायडल एकदम हलकं झालं. दोन बायका आणि लोखंडाची सायकल, हे सगळं वजन कुणीतरी माझ्याकडून काढून घेतलं. भिंगरीची पाठ लांब झाली, कान मागे चिकटले, मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडायला लागले. वारा डोळ्यांत घुसून पाणी काढत होता, दात थंडीनं शिवशिवत होते, आणि माझ्या कानाशी एक आवाज येत होता जो मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. वहिनी हसत होती. पोटातून, खळखळून, थांबायचं नाव न घेता.

"होऽ, होऽ," तिनं म्हटलं आणि भिंगरी थांबली. छाती भात्यासारखी हलत होती आणि ती मागे वळून वहिनीकडे बघत होती. तोच प्रश्न: पुढं कधी?

त्यानंतर पहाट ही आमच्या तिघींची झाली. गजर लागत नव्हता. भिंगरीच जिन्याखाली नवारीचा पट्टा तोंडात धरून उभी राहायची. त्या रस्त्यावर वहिनी बोलायला लागली. गंमत म्हणजे घरी पाऊल टाकलं की पुन्हा गप्प. पण कॅरिअरवर बसली की शब्दांना नुसता ऊत. बागेत रात्री सायाळ कशी येते, झाडांवर कोळशी रोग पडला की पानं काळी कशी होतात, भिंगरी पिल्लू असताना विहिरीतल्या कपारीत कशी अडकली होती आणि वहिनी दोर धरून पायऱ्या उतरून तिला पदरात घालून कशी वर आली. मला तिचा चेहरा दिसायचा नाही, तिला माझा. मला वाटतं, काही माणसांना समोरासमोर बोलताच येत नाही; त्यांना कोणाच्या तरी पाठीशी बसून, वाऱ्यात बोलायला लागतं. पुढे मी शाळेत शिकवलं तेव्हा अशी कितीतरी अबोल मुलं भेटली. त्यांना मी फळ्याजवळ उभं केलं नाही, मैदानाला चक्कर मारायला बरोबर घेतलं.

काही दिवसांनी वहिनी म्हणाली, "मले शिकवता का?"

साडी नेसून सायकल शिकणं हे एक दिव्यच. निऱ्या चेनमध्ये, पदर चाकात. आम्ही भिंगरीला सोडून ठेवायचो आणि मी कॅरिअर धरून मागे धावायची. वहिनी पडायची, उठायची, धूळ झटकायची. भिंगरी प्रत्येक वेळी तिचं तोंड चाटून जायची, आणि मग सायकलीकडे बघून भुंकायची, जणू चूक सायकलीचीच.

गल्लीला अर्थातच डोळे होते. "कोष्ट्याची सून कुत्र्याच्या गाडीत हवा खायले जाते," असं कुणी तरी पानठेल्यावर म्हणालं आणि ते दादाच्या कानावर आलं. दादा मनानं वाईट नव्हता, पण चार लोकांत मान खाली गेली की त्याला जेवण जायचं नाही. तो आतल्या आत धुमसायला लागला. आईही म्हणाली, "आता पुरे झालं वं पोट्टींनो."  भिंगरीनं सुताकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पण ट्रकाबद्दलचा शब्द बाबांनी मागेही घेतला नव्हता. आणि संक्रांत जवळ येत होती.

अशाच एका सकाळी ते घडलं. धुकं जरा जास्तच होतं. वहिनीला आता तोल सावरता यायला लागला होता, पण ब्रेकशी अजून नीट ओळख व्हायची होती. "एक डाव पट्टा बांधून पाहू, हळू चालवते मी," ती म्हणाली. मी भिंगरीला जोडलं. वहिनी बसली. मी कॅरिअरला हात लावायच्या आत बाजूच्या तुरीतून एक ससा निघाला आणि सरळ रस्त्यानंच पळाला.

मी फक्त दोरी ताठ होताना पाहिली. मग पाहिलं ते वहिनीचं निळं पातळ, धुक्यात शिरणारं. "ब्रेक दाबा वहिनी, ब्रेक," असं ओरडत मी धावत सुटले. पुढं उतार होता, हे मला माहीत होतं. उताराखाली पूल होता, तेही. धुक्यातून एकदा भिंगरीचं भुंकणं आलं, मग काहीच नाही. माझी एक चप्पल कुठं तरी पडली. धावता धावता मी आईला काय सांगू, दादाला काय सांगू, नरखेडला कोण जाईल, इथपर्यंत जाऊन पोचले होते.

पुलावर कोणी नव्हतं. पुलाच्या पलीकडे, चढ जिथं संपतो तिथं, मैलाच्या दगडावर वहिनी बसलेली दिसली. सायकल आडवी, पातळ गुडघ्यापाशी फाटलेलं, गुडघा रक्ताळलेला, केस सुटलेले. भिंगरी बाजूला जीभ काढून बसलेली. मी जवळ गेले तर वहिनी थरथरत होती. मला वाटलं, भीतीनं.

"कुंदाबाई," ती म्हणाली, "उतार मी बसून उतरली. आखरीपर्यंत. पडली ते इथं, थांबताना." आणि सुटलेले केस बांधत, "पुलावरून जाताना हात सोडून पाहावा वाटला मले."

मी रस्त्यातच बसकण मारली आणि रडायला लागले. वहिनी हसायला लागली. मग आम्ही दोघीही काय करत होतो ते सांगणं कठीण आहे.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. दादानं गुडघा पाहिला, फाटकं पातळ पाहिलं. "बस झालं," तो म्हणाला. "उद्यापासून बंद. हातपाय मोडून घेतले अन् मग काय करता?" वहिनी मान खाली घालून उभी. बाबा मागावरून उठून आले. ते पातळ त्यांनीच विणलेलं होतं, लग्नात सुनेला दिलेलं. त्यांनी फाटलेला भाग बोटांनी चाचपला. 

"लागलं काय, सूनबाई?"

"थोडंसंच, मामाजी."

"कुठं पडल्या?"

"पुलापुढचा चढ चढून गेल्यावर."

बाबांनी मान वर केली. उमरेडचे आमचे नातलग विणकर. तो रस्ता बाबांनी जन्मभर पायी आणि एसटीनं केलेला. "तो चढ?" ते म्हणाले. "दोन्ही पाय पायडलावर ठेवून?"

"भिंगरी ओढत होती न," वहिनी म्हणाली. आणि मग, पहिल्यांदाच घरात, सगळ्यांसमोर, ती सलग बोलली. उतार कसा लागला, वारा कसा कानात भरला, चढावर तिला वाटलं आता थांबेल पण भिंगरी कशी खाली वाकून ओढत राहिली, आणि तिनंही पायडल मारणं कसं सोडलं नाही. बोलताना तिचे हात चालत होते, डोळे चमकत होते. दादा तिच्याकडे बघतच राहिला. त्यानं त्या बाईशी लग्न केलं होतं आणि तिला तो आता पहिल्यांदा बघत होता. आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. बोलणं संपल्यावर वहिनीला एकदम भान आलं आणि तिनं पदर डोक्यावर ओढला.

बाबा परत मागावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो नाही, बंदी होती. पण खाली खुडबूड ऐकू आली. जाऊन बघते तर बाबा दारात उभे, कानटोपी घालून, अंगाभोवती घोंगडी घेऊन. शेजारी भिंगरी, तोंडात पट्टा.

"सूनबाईले उठव," ते मला म्हणाले. "मी पाहतो कशी चालते ते."

आई चुलीपासून उठून आली. "अहो, सासऱ्यानं सुनेच्या सायकलवर बसावं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे न," बाबा म्हणाले. "माहे पाय जिंदगीभर खड्ड्यात राहिले. आज जरा वरून जाऊ दे."

दादाची सायकल मी घेतली. वहिनीनं बाबांना कॅरिअरवर बसवलं, पाय कुठं ठेवायचे ते दाखवलं.  गल्लीतून ती भिंगरीचा पट्टा धरून सायकल ढकलतच निघाली, बाबा कॅरिअरवर, मी मागे. पाण्याला उभ्या असलेल्या बायका कळशा विसरल्या. पानठेलेवाला ठेला उघडत होता, त्यानं हातातली फळी खाली ठेवली. बाबांनी त्याला नेहमीसारखा रामराम केला.

उमरेड रोडवर पोचेपर्यंत उजाडलं होतं. वहिनी बसली. "मामाजी, घट्ट धरा," म्हणाली, आणि मग, थोडं दबकत, "हुर्रऽ."

मी दादाच्या उंच सायकलवरून जिवाच्या आकांतानं पायडल मारत होते तरी ती माझ्या पुढे निघाली. मला बाबांची पाठ दिसत होती. आधी ती वाकलेली होती, मागावर असते तशी. मग हळूहळू सरळ झाली. घोंगडी एका खांद्यावरून घसरून मागे उडायला लागली, त्यांनी ती सावरली नाही. उतार आला. मी डोळे मिटून घेतले, उघडले, तर ते पुलावर होते आणि बाबांची कानटोपी रस्त्यात पडली होती. मी ती उचलायला थांबले. चढाच्या डोक्यावर त्यांना गाठलं तेव्हा वहिनी उतरून भिंगरीचे पंजे उलटून बघत होती, खडा रुतला का म्हणून. बाबा शेताकडे तोंड करून उभे होते. त्यांचे पांढरे केस सगळे उभे राहिलेले.

"आणखी पुढं जाता येते काय?" त्यांनी विचारलं.

"भिंगरीले विचारा," वहिनी म्हणाली.

सासऱ्याशी तिनं केलेला तो पहिला विनोद. बाबा खरोखरच खाली बसले, भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय वं बाई? दमली काय?"

मग महालात कुणी काही म्हणालं नाही असं नाही. पण ज्यांच्याबद्दल म्हणायचं ते तिघं इतक्या मजेत होते की बोलणाऱ्यांनाच कंटाळा आला. सक्करदऱ्याच्या रंगाऱ्याकडून रंगवलेलं सूत आणायचं काम वहिनीकडे आलं. सुताचं गाठोडं कॅरिअरवर, भिंगरी पुढे. घरात दुपारी बोलण्याचा आवाज यायला लागला, तो वहिनीचा. दादा एका रविवारी स्वतः तिला ब्रेक शिकवायला घेऊन गेला आणि परत आला तेव्हा त्याचाच गुडघा फुटला होता. फाल्गुन लागून डांबर तापायला लागेपर्यंत आमची ती दौड चालली. उन्हाळ्यात बंद, कारण डांबरावर पंजे भाजतात, आणि पुढच्या थंडीत पुन्हा सुरू. अशा कितीतरी थंड्या आल्या. पण एखाद्या माणसाच्या आयुष्यातला जो एक हिवाळा बाकीच्या सगळ्या हिवाळ्यांना जन्म देतो, तो हाच.

त्या हिवाळ्यातली एकच सकाळ सांगायची राहिली.

संक्रांतीच्या तोंडावर सुधाकर आला. ट्रक संत्रा मार्केटला रिकामा करून, पायी महालात. चहा झाला, तिळगूळ झाला. तो उठला आणि अंगणाकडे बघत म्हणाला, "मग घेऊन जाऊ का भिंगरीले?"

 मागाचा आवाज थांबला. बाबा खड्ड्यातूनच म्हणाले, "नाही नेता येत आता. कामाले लागली ते."

"कुठं?"

"आमच्याच घरी. सूत आणते रोज."

सुधाकरनं बहिणीकडे पाहिलं. दिवाळीनंतर तो भिंगरीला सोडून गेला होता तेव्हा वहिनी दाराच्या चौकटीला धरून रडली होती, गल्लीच्या वळणापर्यंत तो पडल्या चेहऱ्यानं मागे बघत गेला होता. आताही त्याचा चेहरा तसाच होऊ पाहत होता.

"चाल, तुले पोचवून देते," वहिनी म्हणाली आणि सायकल बाहेर काढली.

मी कॅरिअरवर बसले. संत्रा मार्केटला ट्रक सुरू झाला, सुधाकर ड्रायव्हरशेजारी चढून बसला, आणि वहिनीनं भिंगरीला साद दिली. रिक्षा, सायकली, टांगे यांच्यातून ट्रक सावकाश चाललेला, त्याच्या बाजूनं आम्ही. सुधाकर खिडकीतून अर्धा बाहेर. "अवं शांते, घरी जा," तो म्हणत होता. "पडशीन." वहिनी नुसतीच मान हलवत होती. सदर भागातल्या मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हरनं गाडी जरा पळवली. भिंगरीनं खांदे खाली घातले आणि आम्ही पुन्हा खिडकीपाशी. ड्रायव्हर हसत सुटला. सुधाकरही हसायला लागला, आणि हसता हसता बाहीनं डोळे पुसायला लागला.

काटोल नाक्याला शहर संपलं. पुढे सरळ नरखेडचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. ड्रायव्हरनं वेग वाढवला. वहिनीनं ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी, नीट. ट्रक पुढे गेला. भिंगरीची दोरी अजून ताठच होती. तिला तो रस्ता ओळखीचा होता, ती नाक वर करून त्या वाऱ्याचा वास घेत होती. मला वाटलं, आता ही काही ऐकत नाही. वहिनी सायकलवरून उतरली नाही. एक पाय जमिनीवर टेकवून ती ट्रककडे बघत राहिली, पण तो दिसेनासा होईपर्यंत थांबली नाही.

"चाल, भिंगरी," ती म्हणाली. "घरी चाल."

आणि तिनं स्वतः आधी सायकल वळवली, महालाकडे.